सुरस, चमत्कारिक आणि हातोहात : मराठी अद्भुतकथेच्या शिफारशीचा इतिहास

एखाद्या पुढाऱ्याचा खुलासा कोणालाच पटणारा नसला, की वार्ताहर त्याला ‘सुरस आणि चमत्कारिक’ हे विशेषण लावून मोकळा होतो. वाचकही काय ते समजतो. हे विशेषण मुळात एका पुस्तकाच्या नावातले आहे. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेतले आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी ते तडीस नेले. पुस्तकाचे नाव ही त्याची पहिली शिफारस असते. गोष्टी गोड आहेत आणि नवल वाटायला लावणाऱ्या आहेत, एवढेच त्या नावातून वाचकाला सांगायचे होते. तीच शिफारस कालांतराने टिंगलीचा शब्द झाली. मराठीत अद्भुताकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, याचा याहून बोलका पुरावा शोधूनही मिळणार नाही.

तरीही अद्भुत कादंबरी मराठीतून हद्दपार झाली नाही. समीक्षेने तिला ओसरीवर बसवले आणि अभ्यासक्रमाने तिची एका परिच्छेदात बोळवण केली, पण एका वाचकाने दुसऱ्याला ‘हे वाचच’ म्हणून सांगितले आणि ती टिकली. या सांगण्याचा इतिहास लिहायला सहसा कोणी बसत नाही, कारण त्याची कागदपत्रे नसतात. जी चिन्हे हाती लागतात, त्यांवरून तो येथे मांडायचा आहे. त्यासाठी मुक्काम निवडला आहे तो कल्याणच्या पुढच्या तीन गावांत : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. ही काही प्रकाशकांची किंवा विद्यापीठांची गावे नव्हेत. येथे पुस्तक बहुधा रेल्वेने आले आणि हातोहात फिरले. शिवाय मराठीतली एक उत्तम कल्पितकथा याच लोहमार्गावरून धावते. तिच्याकडे आपण यथावकाश येऊच.

समीक्षकांची वही

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना दोन आरंभबिंदू दाखवले जातात. एक बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि दुसरा लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१). पहिलीत हिंदू विधवांच्या स्थितीचे दर्शन, दुसरीत अद्भुतरम्य कथानक. ‘मुक्तामाले’नंतर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली आणि काही काळ मराठी कादंबरी म्हणजे अद्भुतरम्य कादंबरी असेच समीकरण होते. या नव्या प्रकाराचा मराठीतला पहिला सविस्तर विचार काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) यात केला. पुढे १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, तेव्हा अद्भुत आणि वास्तव हे दोन्ही प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दरम्यान हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचकांपुढे आली होती आणि मराठी कादंबरीने कोणत्या वाटेने जावे, याचा निकाल जवळजवळ लागला होता.

हा निकाल चुकीचा होता असे म्हणता येत नाही. हरिभाऊंनी जे केले ते करणे समाजाला आवश्यक होते. पण त्या निकालाबरोबर एक समजूत रूढ झाली : अद्भुत म्हणजे साहित्याचे बालपण आणि वास्तव म्हणजे त्याचे वयात येणे. वयात आलेल्या माणसाने खेळणी आवरून ठेवावीत, तशी पुढच्या काळातली अद्भुत कादंबरी समीक्षेच्या वहीतून आवरली गेली.

वाचकांच्या वहीत मात्र वेगळीच नावे होती. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या आधाराने ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘शालिवाहन शक’ अशी पुस्तके लिहिली. नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहिली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. तरुणपणी सिंहगडावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि उरलेले आयुष्य त्यांनी लेखनावर काढले. ज्याला स्वतःला घराचा उंबरठा ओलांडणे अवघड, त्याने हजारो वाचकांना भुयारे आणि किल्ले हिंडवले. या पुस्तकांच्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्या कोणत्याही मान्यवराच्या अभिप्रायावर अवलंबून नव्हत्या.

रुळांच्या कडेने

मुंबईहून निघालेली आगगाडी १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेली. अंबरनाथ आणि बदलापूर त्या मार्गावर आली ती तेव्हा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. म्हणजे ‘मुक्तामाला’ आणि कल्याणचे वाचनालय यांत केवळ तीन वर्षांचे अंतर आहे. मराठी कादंबरी आणि या परिसरातले सार्वजनिक वाचन एकाच पिढीत जन्मले.

ही तीन गावे वाढली मात्र अगदी वेगवेगळ्या कारणांनी. बदलापूर हे जुने खेडे. निवृत्तीनंतर तेथे राहिलेल्या ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये ‘आमचा गाव : बदलापूर’ हा ग्रंथ सिद्ध केला. गावातली घरे, जाती, शेती, चालीरीती, बोलणे-चालणे यांची इतकी बारकाईने नोंद करणारे पुस्तक मराठीत तोवर झाले नव्हते. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. पण विसाव्या शतकात हे गाव ओळखले जाऊ लागले ते विमकोच्या काडेपेट्यांच्या कारखान्यामुळे आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांमुळे. उल्हासनगरची कथा या दोन्हींहून निराळी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे शहर झाले. उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. आजही तेथले लोक पत्ता सांगताना कॅम्पचा आकडा सांगतात.

या तिन्ही गावांतून रोज पहाटे माणसे लोकल पकडतात. बदलापूरहून मुंबई सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तासांहून अधिक वेळ गाडीत जातो. ज्याला बसायला जागा मिळते, त्याच्याकडे वाचायला वेळ असतो, आणि समोरच्याच्या हातातले मुखपृष्ठ दिसत असल्यामुळे काय वाचले जाते आहे हे लपून राहत नाही. ‘तुमचे झाले की मला द्या’ हे पाच शब्दांचे परीक्षण किती पुस्तकांच्या नशिबी आले असेल, याची मोजदाद नाही. अद्भुत आणि रहस्याची पुस्तके या परीक्षणाला नेहमी उतरली. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, नारायण धारपांचे समर्थ ही नावे घराघरांत गेली ती या मार्गाने.

दुसरा मार्ग खासगी फिरत्या वाचनालयांचा. अनामत रक्कम भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि एका वेळी एक पुस्तक, एक मासिक घरी न्यायचे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सभासदाची आवड तोंडपाठ असे. अशा पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असतो. शिक्क्यांनी भरलेला कागद म्हणजे पन्नास जणांची सही असलेले प्रशस्तिपत्रकच. कोऱ्या कागदाचे पुस्तक नवा वाचक परत फळीवर ठेवून देतो. काही वाचक त्याच कागदाखाली पेन्सिलीने दोन शब्द लिहितात. वाचनालयाला ते मान्य नसते, पण पुढच्याला उपयोगी पडते. मराठी अद्भुतकथेची खरी समीक्षा एकत्र करायची झाली, तर ती या शेवटच्या पानांवरून करावी लागेल.

मासिके, अनुवाद आणि एक टोपणनाव

हातोहात फिरण्याला बळ मिळाले ते नियतकालिकांचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठीत आली. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा सगळ्या घराने मिळून वाचायची प्रथा पडली. १९५२ मध्ये ‘चांदोबा’ मराठीत आला. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’पाठोपाठ १९५४ मध्ये ‘नवल’ सुरू केले. त्या नावातच अद्भुताची बाजू उघडपणे घेतलेली होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांसाठी मराठीत आणला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नुसती नावे वाचली तरी कळते, की भागवतांना पुस्तकाची शिफारस मुखपृष्ठावरच कशी करायची हे ठाऊक होते. धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ म्हटले की तो आजीच्या अंगणात येतो, आणि त्याच्या आधी ‘मुक्काम’ हा शब्द बसवला की पोस्टाने पत्र पाठवता येईल इतका जवळ.

या इतिहासातले वळण मात्र १९७४ मधले. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. तिच्यात ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून तयार केलेले टोपणनाव होते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. नावावर शिफारस मिळू नये, कथेवर मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती. खगोलशास्त्रज्ञाने गोष्ट सांगण्यात कमीपणा नसतो, हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. लोककथा आणि लोकसंस्कृतीत मुरलेल्या विदुषीने हे करावे, यात योगायोग मानण्याचे कारण नाही. अद्भुत कोठून येते आणि माणसाला ते का लागते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? वाचकांत कुजबुजत चाललेली शिफारस त्या दिवशी व्यासपीठावरून झाली. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा त्या शिफारशीचे वर्तुळ पुरे झाले.

गंगाधरपंतांची गाडी

आता त्या कथेकडे. नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ अनेकांनी वाचलेली असते. तिचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात असल्यामुळे देशभरच्या विद्यार्थ्यांनाही ती ओळखीची आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा जगात जाऊन पडतात, जेथे १७६१ च्या पानिपतावर विश्वासराव गोळीतून वाचले आणि मराठे जिंकले. तेथे कंपनी सरकारचे साम्राज्य झालेच नाही.

तज्ज्ञ मंडळी या कथेची चर्चा करताना शेवटाकडे दिलेल्या भौतिकशास्त्रीय उपपत्तीवर बोलतात. कल्याण–कर्जत मार्गावरच्या वाचकाने मात्र तिच्यातला प्रवास लक्षपूर्वक पाहावा. इंग्रजी पाठात पंत पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने निघतात. घाट तोच आहे. गाडी कर्जतला क्षणभर थांबते आणि वेग वाढवून कल्याणमधून धडाडत निघून जाते. एका लांब बोगद्यापलीकडे छोटेसे स्टेशन लागते, त्याचे नाव सरहद. तेथे गणवेशातला अधिकारी परवाने तपासतो, कारण पुढची मुंबई ब्रिटिशांच्या ताब्यात आहे.

कर्जत आणि कल्याण यांच्या मध्ये काय आहे? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. कथेत त्यांचा उच्चार नाही. गाडी त्यांना मागे टाकून जाते. कल्याणच्या पुढचा लांब बोगदा म्हणजे पारसिकचा, हे येथले शाळकरी पोरही सांगेल. म्हणजे त्या जगात ही तिन्ही गावे स्वराज्यात आणि मुंबई परदेशात. बदलापूरच्या कारकुनाला रोज सकाळी पासाबरोबर परवानाही दाखवावा लागला असता, आणि बहुधा त्याने मुंबईत नोकरीच धरली नसती. मग बदलापूर चापेकरांनी वर्णिलेल्या गावाहून फार मोठे झाले असते का?

उल्हासनगरपाशी प्रश्न अधिक गंभीर होतो. इंग्रजी साम्राज्यच झाले नसते, तर १९४७ ची फाळणीही ज्या स्वरूपात झाली त्या स्वरूपात झाली नसती. लष्करी छावणी नाही, निर्वासित नाहीत, शहर नाही. जिजामाता एक्स्प्रेसच्या खिडकीतून त्या जागी भातखाचरे दिसली असती. कथा हे सांगत नाही. तिच्या तर्काने आपण चालत गेलो की तेथे पोहोचतो. सिंध सोडून आलेल्या पिढीला ‘तसे झाले नसते तर’ हा प्रश्न वाचायला विज्ञानकथेची गरज नव्हती. ती माणसे बराकींत तो प्रश्न उशाशी घेऊन झोपत होती. आपण ज्याला कल्पनेचा खेळ म्हणतो, तो कोणाच्या तरी घरात रोजच्या जेवणासारखा असतो, हे कळण्यासाठी पंतांची गाडी उल्हासनगरातून जाताना पाहावी लागते.

अद्भुताची शिफारस करण्याची कसोटी मला येथे सापडते. पुस्तक आपल्याला किती दूर नेते याला फारसे महत्त्व नाही. परत आल्यावर आपले स्टेशन आपल्याला वेगळे दिसते का, हे पाहावे. चापेकरांच्या पुस्तकातून गाव कसे होते हे समजते आणि नारळीकरांच्या कथेतून ते कसे झाले नसते हेही समजते. गावाचा इतिहास पुरा व्हायला दोन्ही लागतात.

कोणाला काय द्यावे

या कसोटीवर काही पुस्तके पुढे करता येतील. अंबरनाथच्या यंत्र-कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला किंवा त्याच्या नातवाला ‘वामन परत न आला’ द्यावी. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन पेटीतल्या सूचनांवरून यंत्रमानव तयार होतो आणि त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवे असतात. अंबरनाथला १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे; यंत्रे घडवणारी यंत्रे हा तेथे रोजच्या कामाचा विषय. अशा वाचकाला वामनाचा हट्ट इतरांपेक्षा लवकर कळेल आणि त्याची भीतीही खरी वाटेल. ज्याला विज्ञानाचा धाक वाटतो, त्याच्या हाती आधी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा ठेवावी. देव्हाऱ्यातल्या मूर्तीवरून अवकाशातला पीळ समजावणारी दुसरी कथा माझ्या पाहण्यात नाही.

भयाची आवड असलेल्याला धारप द्यावेत, पण डोळसपणे. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे सांगूनच ती हाती द्यावी. दातारांनी रेनॉल्ड्स आणला तसाच धारपांनी किंग आणला; आणि परदेशी भूत मराठी गावात नांदवायला केवढे कसब लागते, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की दिसते. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे हे कळल्यावर ज्या तरुणांनी त्यांची पुस्तके शोधली, त्यांना पुढचे पाऊल म्हणून रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि मग जी. ए. कुलकर्णी सुचवावेत. जी. एं.च्या रूपककथांतली अनाम गावे आणि वाटसरू हे मराठी अद्भुताचे सर्वांत उंच शिखर आहे. तेथे थेट नेऊन सोडले तर वाचक दमतो. पायऱ्यांनी नेले तर उतरायला तयार होत नाही.

इंग्रजीतून टॉल्किन आणि रोलिंग वाचणाऱ्या मुलांना मराठीत काहीच नाही असे वाटते. त्यांना मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ दाखवावा, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे शीर्षक दाखवावे. ‘परीस’ हा शब्द सापडला की लक्षात येते, अद्भुताची शब्दसंपत्ती आपल्याकडे आधीपासून होती. त्यानंतर शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’, अरुण साधूंची ‘विप्लवा’, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे यांच्या कथा अशी मोठी फळी उभी आहे. गोगटे यांनीच ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’ या कादंबरीत घाटातल्या लोहमार्गाच्या उभारणीची कथा सांगितली आहे. ती ऐतिहासिक कादंबरी ‘गंगाधरपंतां’सोबत वाचली, तर एकाच मार्गाची घडलेली आणि न घडलेली अशी दोन रूपे हाती येतात.

यातले सगळेच लेखन सारख्या प्रतीचे नाही. मराठी आहे म्हणून गोड मानून घ्या, असे सांगणे हा वाचकाचा अपमान आहे. बऱ्याच विज्ञानकथांत पात्रे फळ्यासमोर उभी राहून बोलतात. दातारांच्या नायिकांना मूर्च्छा फार येतात. उणिवा सांगून केलेली शिफारस लोक ऐकतात, कारण पुढच्या वेळीही त्याच माणसाकडे त्यांना यायचे असते.

उरलेला प्रश्न पुस्तक मिळण्याचा. अद्भुत आणि रहस्यकथा स्वस्त कागदावर छापल्या गेल्या, वाचून वाचून फाटल्या आणि रद्दीत गेल्या. जे फार वाचले गेले तेच आधी नाहीसे झाले. अशा वेळी बदलापुरात श्याम जोशी या पूर्वीच्या चित्रकला शिक्षकांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ महत्त्वाचे ठरते. जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके निगुतीने जमवणारे हे ग्रंथालय, पंतांची गाडी ज्या गावात थांबली नाही त्या गावात आहे. महानगरांनी टाकून दिलेले छापील मराठी जग ६८ किलोमीटरवर सांभाळले जाते आहे.

पण संग्रहात राहिलेले पुस्तक वाचले जाईलच असे नाही. ग्रंथपाल ते जपू शकतो, संशोधक त्याची नोंद करू शकतो. त्याला पुन्हा हिंडते करायचे तर कोणीतरी दुसऱ्या कोणाला नाव सांगावे लागते, आणि तेही त्या माणसाला ओळखून. दीडशे वर्षे हे काम वाचकांनी बिनबोभाट केले. या दिवाळीत अंक वाचून झाला की शेजारी देताना, त्यासोबत एका सुरस आणि चमत्कारिक पुस्तकाचे नावही द्यावे. थट्टेने नव्हे, चिपळूणकरांच्या अर्थाने.